अळणी गोळाभात

माझं कॉलेज सकाळचं होतं, म्हणून दुपारचा स्वयंपाक माझ्याकडे आला, असं मी लोकांना सांगायची. खरं म्हणजे आई गेली, म्हणून आला. सकाळी बाबा स्वतः पोळ्या टाकत, जाड, काठाला कच्च्या, आणि मिंटूला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, त्यातल्याच दोन गुळासोबत डब्यात देत. दुपारची वेळ मात्र माझी. कॉलेज सुटलं की मी सायकल हाणत समता कॉलोनीत यायची, चपला दारातच टाकायची आणि ओढणी कमरेला खोचून सरळ ओट्यापाशी. बाबा पंडरीच्या बाजारात एका कापडाच्या ठोक दुकानात हिशेबनीस होते. दीडच्या सुमारास त्यांची स्कूटर फाटकाशी येऊन दोनदा खोकायची आणि बंद व्हायची. त्या खोकण्याआधी ताटं मांडलेली पाहिजेत, हा माझा हट्ट. त्यांना परत जायची घाई असायची, मिंटू शाळेतून भुकेनं बेजार होऊन आलेला असायचा, आणि भाजीवाला आमच्या गल्लीत यायचा तो संध्याकाळी. म्हणजे दुपारी माझ्या हाताशी काय? कांदे, बटाटे आणि आईनं मांडून ठेवलेले डबे.

त्या डब्यांवर मी राज्य केलं, असं म्हटलं तरी चालेल. बेसनाचा डबा, तुरीच्या डाळीचा, हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचा, तांदळाच्या पिठाचा. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या मुगवड्या. जवसाची चटणी, चिंचेचा गोळा. एवढ्यात आठवडा कसा निघतो हे आजच्या पोरींना सांगितलं तर त्या मोबाइलवरून मान वर न करता 'हो का' म्हणतात. सोमवारी मुगवड्या जाडसर कुटून, तेलावर लाल करून कांदा-बटाट्यात. मंगळवारी झुणका. एक दिवस वरणफळं, म्हणजे पोळीचं काम वाचलं. एक दिवस तांदळाच्या पिठाचे चीले, म्हणजे पातळ धिरडी; ते शेजारच्या साहू काकींकडून शिकलेले, वर लाल मिरची-लसणाची चटणी. आणि कंटाळा आला, की गोळाभात. भरड्यात तिखट, हळद, हिंग, मीठ, तेलाचं मोहन, मुठीनं गोळे वळायचे, भात अर्धा शिजला की त्याच्या पोटात दडवायचे आणि झाकण घालायचं. खाताना गोळा फोडून वरून लसणाची कडकडीत फोडणी आणि वाटीत चिंचेचं सार. भात, भाजी, डाळ, सगळं एका पातेल्यात. घासायलाही एकच पातेलं.

आमच्याकडे एक नेम होता, आईचा आणि तिच्या आईचाही. देवापुढे नैवेद्याची वाटी गेल्याशिवाय काही चाखायचं नाही आणि घरची माणसं जेवल्याशिवाय करणारीनं जेवायचं नाही. म्हणजे मीठ सगळं हाताच्या अंदाजावर. बरोबर पडलं की नाही, हे पहिला घास घेणाऱ्यानं सांगायचं. आमच्या घरी तो पहिला घास बाबांचा, आणि बाबा सांगायचे! आई होती तेव्हा दुपारी आमच्या घरात जो आवाज असायचा तो मला आजही भांड्यांच्या आवाजासकट ऐकू येतो. "काय वो, आज मिठाचा डब्बा उलटला का?" असं बाबा पहिल्याच घासाला म्हणायचे. आतून आई, "अन् परवा कमी होतं तं म्हणे आजाऱ्याचं जेवण! तुमच्या जिभीले काही ठिकाण आहे का? उद्यापासून जेवत जा पंडरीतच, शेटजीच्या घरी." बाबा हसायचे आणि भात मागायचे. हे रोज. पाहुणे आले तरी.

आई गेल्यावर मी पहिल्यांदा दुपारचं केलं, त्या दिवशी भात खाली लागला होता आणि वरणाची डाळ दाताखाली येत होती. बाबांनी सगळं ताट स्वच्छ केलं, हात धुतले आणि माझ्या डोक्यावर ओला हात ठेवून म्हणाले, "छान झालं, बेटा." तेव्हापासून रोज हेच. झुणका करपला, छान झालं. सार आंबटढाण झालं, छान झालं. मी मागून जेवायला बसायची तेव्हा माझं मलाच तोंड वाकडं करावं लागायचं, आणि मनात म्हणायची, यांनी हे खाल्लं कसं? शेवटी मी ठरवूनच टाकलं, की आईबरोबर बाबांची जीभही गेली. त्यांना चव म्हणून काही कळत नाही आता. वाईट वाटायचं, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटायचं. आईनंतर माझ्याच हातचं खातात, निमूट खातात, आणि छान म्हणतात. मला तो मोठा मान वाटायचा. मैत्रिणींना सांगायची, आमचे बाबा माझ्या स्वयंपाकाला कधी नावं ठेवत नाहीत.

मग भोपाळपासून तुटून नवं राज्य झालं आणि आमचं गाव त्याची राजधानी झालं. त्या पावसाळ्यापर्यंत जिथे दुपारी कुत्री झोपायची तिथे लाल दिव्याच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या, बंगल्याबंगल्यांवर दफ्तरांच्या पाट्या लागल्या, आणि भोपाळहून बदलून आलेली माणसं पेटी-बिस्तर घेऊन घरं शोधत फिरायला लागली. आमच्या गच्चीवर एक खोली होती, जिना आतूनच, स्वयंपाकघराच्या शेजारून. बाबांनी ती देवधर बाईंना दिली. कुठल्याशा नव्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर. चाळिशी ओलांडलेली, उंच, केस आखूड कापलेले, लग्न केलेलं नव्हतं. मराठी असल्यामुळे बाबांना फार आनंद. "आपलं माणूस आहे," म्हणाले. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "किती दिवस राहतील?" तर म्हणाले, "आताच तं आल्या, बेटा."

बाईंचं दफ्तर अजून धड बसलं नव्हतं. फायली भोपाळहून निघालेल्या होत्या, पोहोचलेल्या नव्हत्या. त्यामुळे दुपारी बाई घरी येत आणि वर स्टोव्हवर काहीतरी करून खात. आधी वरच खात. मग एक दिवस बाबा म्हणाले, "एकट्या काहून जेवता मॅडम, खाली येत जा." झालं. दुसऱ्या दिवसापासून जिन्यावर रबरी चपलांचा चटचट आवाज, आणि हातात ताटलीनं झाकलेलं पातेलं. रिकाम्या हातानं कधी यायच्या नाहीत, हे मान्य करते. पण मी मांडलेल्या ताटांच्या मधोमध ते पातेलं येऊन बसलं, की माझ्या पोटात जळायचं. मिंटू तर फितूरच. पोट्ट्याला मराठी सगळं समजायचं, पण बोलणं हिंदीत. "आंटी, आज क्या लाए?" असं विचारत जिन्याच्या पायरीपर्यंत जायचा. मला कधी विचारलं नाही त्यानं, दीदी, आज काय केलं.

आणि बाई हुशार! खरं म्हणायचं तर तेच माझं दुखणं. माझ्यासारखंच त्यांचंही सगळं डब्यातून निघायचं. पोहे वाफेवर करायच्या, तेल नावाला. कालच्या भाताला दही आणि मिरचीची फोडणी. मी चाळीस मिनिटं ओट्यापाशी घाम गाळायची आणि बाई पंधरा मिनिटांत, कपाळावर टिपूस नाही. बाबांशी बोलताना त्यांचं मराठी असं स्वच्छ, की मला माझं 'मले-तुले' ताटाखाली लपवावंसं वाटायचं. आता मी पुस्तकी लिहिते आहे ते त्यांचंच पाहून शिकलेलं असेल तर असो. कबूल करणार नाही.

एका दुपारी त्यांनी शेवेची भाजी आणली. तिखट शेव, कांदा, टोमॅटो, संपलं. मी मनात म्हटलं, ही काय भाजी? बाबांनी पोळीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला, आणि बघता बघता वाटी पुसून काढली. मग म्हणाले, "मॅडम, रागावू नका, पण ही भाजी आहे का चिवड्यावर पाणी टाकलं?"

मी हातातली पळी तशीच धरून उभी राहिले. इतका आनंद झाला म्हणून सांगू! बाईंच्या पदार्थाला नाव ठेवलं, तेही तोंडावर. आता पडेल चेहरा, म्हणून मी वाट पाहत राहिले. चेहरा कसला पडतो? बाई म्हणाल्या, "अहो, मग वाटी कशी रिकामी झाली?"

"भूक होती म्हणून. अन् मीठही जास्त आहे."

"शेवेत असतं मीठ. मी नाही घातलं."

"मंग शेव कमी टाकाची होती!"

आणि दोघं हसले. बाबा खांदे हलवून हसले. मिंटूही हसला, त्याला काय, कोणी हसलं की तो हसतो. माझ्या हातातली पळी मात्र जड झाली. कारण तो आवाज मला ओळखीचा होता. शब्द वेगळे, बाई वेगळी, पण दीड वाजताचा आमच्या घरातला तोच आवाज. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. बाबांची जीभ गेलेली नव्हती. मिठाचा कण न् कण त्यांना कळत होता. म्हणजे माझा करपलेला झुणका त्यांना करपलेला लागला होता. आंबटढाण सार आंबट लागलं होतं. सगळं कळून ते 'छान झालं, बेटा' म्हणत होते, जसं परक्याच्या घरी जेवायला गेलेला माणूस म्हणतो.

त्या दिवसापासून मला बाईंच्या हुद्द्याचा, उंचीचा, स्वच्छ मराठीचा कशाचाच हेवा वाटेना. हेवा एकाच गोष्टीचा. बाबा त्यांना नावं ठेवत. रोज ठेवत! पोह्यांत साखर काहून, खिचडी पातळ काहून, मोहरी तडतडली नाही. आणि बाई रोज उलट उत्तर देत. मी कान लावून बसायची, आज काय म्हणतात. माझ्या वाटीकडे वळले की मात्र पुन्हा तोच मऊ आवाज. छान झालं, बेटा. मला तो 'बेटा' टोचायला लागला. माझं लग्न झाल्यावर माझा नवरा माझ्या पहिल्याच पोळीला म्हणाला, "हे पापड आहेत का?" तेव्हा सासूबाईंना वाटलं मी रडणार. मी मनातून इतकी सुखावले होते, की कोणाला सांगून पटलं नसतं. आजही तो नावं ठेवतो, मी भांडते, आणि बरं वाटतं.

पण तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि डोकं फिरलेलं होतं. एके दिवशी मी गोळाभात केला आणि त्यात मीठ घातलंच नाही. भातात नाही, गोळ्यांत नाही, सारातही नाही. देवाची वाटी तेवढी मीठ घालून वेगळी काढली. देवाशी माझं भांडण नव्हतं. स्कूटर खोकली. बाबा बसले, मिंटू बसला. मी गोळे फोडून वर फोडणी घातली आणि समोरच उभी राहिले.

मिंटूनं पहिला घास घेतला आणि ओरडला, "दीदी! नमक कहाँ है?"

"चुपचाप जेव," बाबा म्हणाले.

"पापा, सच में, बिलकुल नहीं है..."

"जेव म्हटलं ना."

बाबा जेवत राहिले. एक गोळा संपला. दुसरा मागितला. मी वाढला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, कुठे भुवई हलते का, कुठे घास अडतो का. काही नाही. सार भुरकलं. तेवढ्यात जिन्यावर चटचट झाली, बाई आल्या, ताटावर बसल्या, घास घेतला आणि म्हणाल्या, "अगबाई, यात मीठच नाही! अहो, तुम्ही जेवताय कसे?"

बाबा ताटात पाहत म्हणाले, "पोट्टी उन्हातून येते कॉलेजातून. घाईत राहते एखादी गोष्ट. छान झालं."

"घाईत नाही राहिलं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मुद्दाम नाही टाकलं."

"काहून?"

"तुम्ही काही म्हणता का ते पाहाले. आईले म्हणत होते. या मॅडमले रोज म्हणता. मले काहून नाही म्हणत? माह्या हातचं काय तुम्हाले लागतच नाही?"

मिंटूनं घास ताटात ठेवला. बाईंनी मान खाली घातली. तेवढी समज होती त्यांना. बाबांनी ताटातला भात चिवडला. मग म्हणाले, "तुले कसं म्हणू, बेटा? तुझी आई असती तं तू ह्या वक्ताले पुस्तक घेऊन बसली असती. तुह्या हातचं जेवाचीच मले लाज वाटते. अन् त्याले नावं ठेवू?"

मी मिठाची बरणी आणून त्यांच्यापुढे आदळली. त्यांनी ती उघडली नाही. तसंच अळणी शेवटच्या शितापर्यंत जेवले आणि स्कूटरवर बसून पंडरीला गेले.

दुसऱ्या दिवशी मी तुरीचं वरण केलं. रात्रभर रडून डोळे सुजलेले, त्यात हिंगाची डबी हातातून निसटली आणि वरणात एवढा हिंग पडला, की फाटकापर्यंत वास. बाबांनी घास घेतला, घसा साफ केला, आणि शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाले, "हिंग जरा कमी पडला, वैशाली." मिंटू फसकन हसला. बाईंनी पदर तोंडाला लावला. मी काय करणार? मीही हसले, आणि आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. त्यांनी माझ्यासाठी नाव ठेवायचा प्रयत्न केला होता आणि त्यांना ते जमलं नव्हतं. देवधर बाईंच्या बाबतीत असं शोधावं लागत नव्हतं त्यांना, आपोआप यायचं.

बाईंना हिवाळ्यात सरकारी क्वार्टर मिळालं, शंकर नगरला. सामान टेम्पोत चढलं. बाई दारात उभ्या राहून बाबांना म्हणाल्या, "पंडरीहून शंकर नगर जवळच आहे. दुपारी जेवायला येत जा." साधं बोलल्या, पण बोलताना हातातली किल्ली उगाच फिरवत होत्या. मी बाबांच्या मागेच उभी होते. मला पक्कं ठाऊक होतं, की आता बाबा हो म्हणाले, तर दीड वाजता आमच्या फाटकाशी स्कूटर येणार नाही. आणि दुपार गेली की पुढे संध्याकाळही जाईल.

"नाही मॅडम," बाबा म्हणाले. "दुपारचं माझं घरीच असते."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. मग टेम्पोवाल्याला "चलो भैया" म्हणाल्या आणि गेल्या. मी त्या दुपारी पाटवड्यांचा रस्सा केला, इतका झणझणीत, की मिंटूच्या नाकातून पाणी आलं. मी जिंकले होते. कोणाला हा शब्द आवडो न आवडो, मला तेव्हा तसंच वाटलं. ओट्याशी गुणगुणत होते मी. बाबा म्हणाले, "छान झालं, बेटा," आणि त्या दिवशी तो बेटासुद्धा गोड लागला.

पुढे थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. परीक्षा जवळ आली होती म्हणून मी घाईघाईत पिठलं केलं, पीठ धड भिजवलं नाही, आणि गुठळ्या झाल्या. बाबा जेवायला बसले. दुकानात काहीतरी चांगलं घडलं असावं, चेहरा मोकळा होता. पहिला घास घेतला आणि एकदम खड्या आवाजात म्हणाले, "हे काय? पिठलं आहे का गोट्या? पीठ भिजवाचाही आळस!"

अगदी तसंच. आतून हसू दाटलेलं, शब्द फटकळ. आईच्या वेळचा आवाज. तोंडावर उत्तर तयार होतं, कितीतरी दिवसांपासून तयार होतं, आणि मी ते द्यायला वर पाहिलं.

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. जिन्याच्या दाराकडे पाहत होते, उत्तराची वाट पाहत.

ते दार बंद होतं. बाबांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी मान वळवली, मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा झाला. "छान झालं, बेटा," ते म्हणाले.

देवधर बाई रोज समोर बसून जेवत होत्या तेव्हाही मला त्यांचा इतका हेवा वाटला नव्हता. मी पातेलं उचललं आणि बाबांच्या ताटात आणखी पिठलं वाढलं. त्यांनी तेही संपवलं, गुठळ्यांसकट.